कूड, माळवद आणि आरपार दगड

खारदांड्यात मातीची भिंत शोधायची तर नजर खाली ठेवून फिरावे लागते. वर पाहिले की सगळे सिमेंटचेच. एकमेकांना खेटलेली दोन-तीन मजली घरे, बाहेरून काढलेले लोखंडी जिने, गच्चीवर ताणलेली निळी ताडपत्री. दक्षिणेला कार्टर रोडच्या इमारती, पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला होड्या, आणि बांबूंच्या चौकटींवर वाळत घातलेले बोंबील. पण कोळीवाड्याच्या आतल्या गल्लीत, जिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, तिथे एका जुन्या कौलारू घराची मागची बाजू उघडी पडली आहे. गिलाव्याचे पोपडे निघाले आहेत, आत भाजक्या विटा दिसतात आणि दोन विटांच्या मध्ये सिमेंट नाही, चुनाही नाही. तांबूस माती आहे. नख लावले की खाली येते.

मातीची भिंत उभी कशी राहते आणि पडते कशी, हे डोळ्यांनी पाहायचे म्हणून मी निघालो होतो. शेवटी जायचे होते भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीला, पण सुरुवात इथून केली. मातीच्या भिंतीचा जो शत्रू वर्षभर गुपचूप काम करतो, तो समुद्रकाठी जितका स्पष्ट दिसतो तितका मराठवाड्यात दिसत नाही.

ही भिंत सगळीकडे सारखी खराब झालेली नाही. जोत्यापासून गुडघाभर उंचीपर्यंत तिला लोणा लागला आहे. विटांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत, सांध्यांतली माती बोटभर आत गेली आहे, वर पांढुरकी पूड आली आहे. त्याच्या वरच्या भागात मात्र सांधे घट्ट आहेत. पावसाने भिंत खाल्ली असती तर ती वरून खाल्ली असती. इथले पाणी जमिनीतून वर चढते. मातीच्या बारीक छिद्रांतून ओल वर ओढली जाते, येताना मीठ घेऊन येते, भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. त्या मिठाचे खडे छिद्रांच्या आत वाढतात आणि कण कण सुटा करतात. दर पावसाळ्यात ओल, दर हिवाळ्यात खडे. वर्षे गेली की भिंतीचा पाय बारीक होतो.

पूर्वी यावर साधा उपाय होता. भिंत मातीने लिंपायची, शेणाने सारवायची, आणि वर्षाकाठी तो थर खरवडून नवा द्यायचा. मीठ त्या थरात यायचे आणि थराबरोबर निघून जायचे. आत भिंत शाबूत. मग सिमेंटचा गिलावा आला. तो दिसायला पक्का, पण ओलीला बाहेर पडायची वाट बंद करतो. पाणी मग आणखी वर चढते, आतल्या आत मीठ साठत जाते, आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा आतल्या मातीसकट सुटतो. मातीच्या जुन्या घरांना सिमेंटचा लेप देणे हा गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत महागात पडलेला शहाणपणा आहे, असे माझे ठाम मत आहे.

माती धरून कशाने राहते? उत्तर दांड्याच्या किनाऱ्यावरच मिळते. कोरडी वाळू मुठीतून निसटते, दमट वाळूचा किल्ला होतो, आणि लाट आली की तोच किल्ला विरघळतो. कणांच्या मधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. मातीत वाळूबरोबर चिकणमाती असते. तिचे कण वाळूपेक्षा शेकडो पटींनी बारीक आणि पातळ पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे ही ओढ कितीतरी जास्त असते. भिंत वाळली म्हणजे तिच्यातले सगळे पाणी गेले असे नाही. उरलेले अगदी थोडे पाणी बारीक छिद्रांत ताणून बसलेले असते आणि तेच भिंतीला ताकद देते. ओल वाढली की ही ओढ सैल होते. म्हणून भिंत पायाशी भिजली की वरचा भाग कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग नाही.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. एक घनमीटर मातीच्या भिंतीचे वजन साधारण १,८०० किलो. भिंत तीन मीटर उंच असेल, तर तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो. चांगल्या, कोरड्या मातीची वीट दर चौरस सेंटिमीटरला दहा ते वीस किलो दाब सोसते. म्हणजे छप्पर धरले तरी भिंतीकडे भरपूर ताकद शिल्लक असते. मातीची भिंत चिरडून पडली असे क्वचितच घडते. ती पडते ओढल्यामुळे, वाकल्यामुळे. दाब सोसण्यात माती पटाईत. ताण मात्र तिला जवळजवळ सोसतच नाही. भिंत एका बाजूला कलली, कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून ओढल्या गेल्या, खिडकीच्या कोपऱ्याशी भार वळला, की तिथे भेग पडते. दांड्याच्या त्या भिंतीचा पाय एकाच बाजूने, बाहेरून, खाल्ला गेला आहे. वरचा भार आता उरलेल्या पायाच्या मधोमध उतरत नाही, बाहेरच्या, झिजलेल्या कडेकडे उतरतो. त्यामुळे भिंतीच्या एका अंगाला दाब वाढतो, दुसऱ्या अंगाला ताण येतो. घराच्या मालकीणबाईंनी तिथे लाकडी टेकू दिला आहे आणि तो योग्य जागी दिला आहे.

त्या आजींकडूनच कळले की त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी हे विटांचे कामही नव्हते. कूड होता. मेढी रोवलेल्या, कारवीचे कूड उभे केलेले, वर नारळाच्या झावळ्यांची झापे. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला झापांचा आणखी एक आडोसा बांधायचा, म्हणजे झड भिंतीवर येत नाही. आजींना तो कूड आठवतो तो मुख्यतः लिंपण्याच्या कामामुळे. खारदांड्यात आता कूड राहिलेला नाही. तो पाहायचा तर लांब जावे लागत नाही, मुंबईच्या हद्दीतच गोरेगावला उतरायचे आणि आरेत जायचे.

आरे दुग्ध वसाहत १९४९ ची. तिथले वारली पाडे त्याच्या कितीतरी आधीचे. आज तिथे २७ पाडे आहेत असे सांगितले जाते. बहुतेक घरांना आता विटा नाही तर पत्रा आहे, तरी एखादे घर, एखादा गोठा, एखादी स्वयंपाकघराची बाजू कुडाची सापडते. मी गेलो तेव्हा एका घरी नव्या कुडाचे लिंपण चालू होते. मी तिथेच बसून राहिलो.

कारवीच्या अंगठ्याएवढ्या जाड काठ्या उभ्या, शेजारी शेजारी, आडव्या बांबूच्या चिवट्यांना बांधलेल्या. दोन काठ्यांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट. मातीत भाताचे तूस आणि शेण मिसळून पायांनी तुडवलेले. लिंपणाऱ्या ताईंनी मातीचा गोळा तळहातावर घेतला आणि मनगटाच्या जोराने कुडावर असा दाबला, की माती फटींतून पलीकडे निघाली आणि तिथे तिचे छोटे छोटे फुगे झाले. मग त्या आत गेल्या आणि पलीकडून तोच हात फिरवला. आतल्या मातीचे फुगे आतल्या लिंपणात मुरले. दोन्ही बाजूंचे लिंपण आता एकच झाले. मध्ये कारवी पकडलेली. बाहेरची माती आतल्या मातीला धरून आहे, आणि दोघी मिळून काठ्यांना. एवढे केले म्हणून भिंत टिकते. नुसती वरून माती थापली असती तर वाळताना ती आक्रसून पापुद्र्यासारखी सुटली असती. तुसाचे काम हेच, भेग मोठी होऊ द्यायची नाही. अनेक केसभर भेगा पडतात, एक रुंद भेग पडत नाही.

घराचा भार या भिंतीवर नाही. तो मेढींवर आहे. मेढींवर आढे, आढ्यावरून वासे, वाशांवर छप्पर. भिंत फक्त आडोसा. ती सारी मिळून चार-पाच सेंटिमीटर जाड. एक चौरस मीटर कूड शंभर किलोच्या आतच. घर हलले तर कूड काठ्यांबरोबर वाकतो, मातीचे तुकडे गळतात, वीण शिल्लक राहते. पडली तरी अंगावर काठ्या आणि मातीची ढेकळे पडतात. माणूस उठून बाहेर येऊ शकतो.

कुडाचे सगळे गोड आहे असे मात्र नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा हलक्या घरांची छपरे उडाली. वाऱ्याला वजनच आवर घालते. कुडाला वाळवी लागते, उंदीर पोखरतात. आणि कारवी मिळणेही आता सोपे नाही. ही वनस्पती वर्षानुवर्षे नुसती वाढत राहते, मग एकदाच सामूहिक फुलते आणि मरते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती आठ वर्षांनी फुलते; २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. राष्ट्रीय उद्यानात तोड करता येत नाही, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे पाड्यातल्या माणसाला पत्रा स्वस्त आणि कारवी महाग झाली आहे.

मग किल्लारीची वाट: खार रोडहून लोकलने दादर आणि दादरहून रात्रीची लातूर एक्सप्रेस. दौंड येते तेव्हा डब्यात सगळे झोपलेले असतात, पण मातीच्या घरांचा इतिहास पाहणाऱ्याने तिथे जागे राहावे असे ते ठिकाण आहे. त्याच परिसरात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे दीर्घकाळ उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यांची घरे चौकोनी होती, खाली मातीची बुटकी भिंत आणि वर कूड. म्हणजे महाराष्ट्राचा शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी जड माती पायाशी ठेवत होता आणि वर हलके बांधत होता. पुढे दुष्काळी, पडत्या काळात तिथे गोल झोपड्या आल्या. 

कुर्डुवाडीनंतर पहाटेच्या उजेडात काळी जमीन दिसू लागते. या मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी धावत असे. काळ्या मातीला भिंतीत थारा नाही. ती पाणी पिऊन फुगते, वाळून फाटते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत हात जातो. म्हणून इथे भिंतीला आणि छपराला लागते ती पांढरी, जुन्या वस्तीच्या जागची, राख आणि चुनखडी मुरलेली माती. गावागावांतल्या गढ्यांचे बुरूज याच पांढरीचे. पाऊस त्यांना वरून चरे पाडतो, पण पायाशी रुंद आणि वर निमुळते असल्याने ते अजून उभे आहेत.

लातूरहून एसटीने औसा, लामजना, मग किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र आटोपून माणसे घरात झोपली होती. भूकंपाचे माप ६.२. जगाच्या मानाने हे माप मोठे नाही. सरकारी आकड्यानुसार लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून ७,९२८ माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित म्हणजे पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात पहिला विभागच काढून टाकला आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. मुंबईही तिसऱ्याच विभागात. खारदांडा आणि किल्लारी यांच्यात त्या नकाशापुरता फरक नाही, हे मुंबईकरांनी ध्यानात ठेवावे.

जुन्या किल्लारीच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात. मी गेलो तेव्हा कोणी नव्हते. गावठाणाची जमीन उंचसखल, झुडपे वाढलेली, त्यात काळे दगड. दगड पाहताना एक गोष्ट जाणवते. बहुतेक दगड गोलसर, बिनघडीचे आणि एका माणसाला उचलता येतील असे आहेत. लांब दगड फार थोडे. हीच त्या भिंतींची गोष्ट आहे.

इथल्या घराच्या भिंती पाऊण मीटर, कुठे मीटरभर आणि त्याहून जाड असत. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, दोन्ही चिखलात बसवलेल्या, आणि मधल्या पोकळीत लहान दगड, माती, भर. वर लाकडी खांब, तुळया, त्यांवर सर आणि चिपट्या, पाला, आणि त्यावर मातीचे माळवद. ऊन चाळीस अंशांच्या वर जाते अशा प्रदेशात हे घर दुपारी थंड राहते. जाड भिंतीत कोनाडे, धान्याची बळदे. शेतातले दगड वेचले की शेत मोकळे होते आणि घराला भिंत मिळते. ज्यांनी ही घरे बांधली त्यांनी उन्हाचा, चोरांचा, धान्याचा विचार नीट केला होता. भूकंपाचा अनुभव त्यांच्या पिढ्यांनी घेतलेला नव्हता.

माळवद गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर मातीचा थर द्यायचा. जुना काढायचे कष्ट कोण घेणार? थरावर थर चढत माळवद अर्धा-पाऊण मीटर जाड झाले. साठ सेंटिमीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर बारा टन. पाऊस पडून माती भिजली की त्याहून जास्त. भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जमिनीने वजनाच्या फक्त पावपट जोराने हलवले तरी त्या खोलीच्या डोक्यावर तीन टन आडवा धक्का बसतो. कूड त्यापुढे काहीच नाही. तो हलका असल्याने भूकंपाला पकडायला त्यात फारसे सापडतच नाही.

तरी खरा घात छपराने एकट्याने केला नाही. कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच ढासळल्या. भिंत जाड असताना ती पडली का, हा प्रश्न मला मुंबईहून येताना छळत होता.

मातीच्या घरांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १३८२७, योगायोगाने १९९३ चेच. त्यात भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नसावी असे म्हटले आहे. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त नसावी, शिवाय ती चौसष्ट गुणिले जाडीचा वर्ग भागिले उंची यापेक्षाही कमी असावी. म्हणजे ४५ सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर उंच भिंत आधाराविना साधारण ४.३ मीटरच लांब चालते. दार-खिडकीची रुंदी १.२ मीटरच्या आत, आणि कोपऱ्यापासून ते भोक निदान १.२ मीटर दूर. हे नियम मातीच्या भिंतींचे आहेत, चिखलात रचलेल्या दगडांच्या भिंतींचे नव्हेत. तरी मोजमापाला उपयोगी पडतात. किल्लारीची पाऊण मीटर जाड, तीन मीटर उंच भिंत या मापात आरामात बसते. जाडीच्या फक्त चौपट उंची. ती टिकायला हवी होती.

पण ती पाऊण मीटर जाड नव्हतीच. ती तीस-तीस सेंटिमीटरच्या दोन भिंती होती, पाठीला पाठ लावून उभ्या, मध्ये सैल भर. तीस सेंटिमीटरची भिंत आणि तीन मीटर उंची: जाडीच्या दहापट. दोन्ही मापाबाहेर. जमीन हलली तशी मधली भर खाली बसली, तिने पाचरीसारखे दोन्ही अंगांना बाहेर ढकलले, बाहेरच्या रांगेला पोट आले आणि ती गल्लीत कोसळली. आतली रांग घरात. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे असेच पडलेले, मग पळणाऱ्याला वाट कुठली? आरेच्या त्या ताईंनी तळहाताने माती फटींतून पलीकडे काढली होती, ती एवढ्याचसाठी. बाहेरच्या अंगाने आतल्या अंगाला धरले पाहिजे. किल्लारीत तेच नव्हते.

चिखलात बांधलेल्या दगडी भिंतींसाठी वेगळे मानक आहे, आयएस १३८२८. त्यात हे एका ओळीत सांगितले आहे. दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे १.२ मीटरच्या आत एक दगड असा बसवावा, की तो भिंतीच्या आरपार जाईल. एवढा लांब दगड नसेल तर लाकडाचा तुकडा, लोखंडाची सळई, सिमेंटचा ठोकळा, काहीही. जुन्या चांगल्या वाड्यांच्या भिंतींत असे आरपार दगड असत. गरिबाच्या घरात ते नव्हते, कारण लांब दगड घडवून आणायला वडार लागतो आणि त्याला पैसे लागतात.

असाच फरक इतरत्रही पाहायला मिळाला. इराणमध्ये २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात बाम शहरातला मातीच्या विटांचा प्रचंड किल्ला ढासळला. उलट २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये बन्नीतल्या गोल भुंग्यांपैकी बरेच टिकले. त्यांच्या भिंतीही मातीच्याच. पण गोल भिंतीला कोपरा नसतो, ती स्वतःच स्वतःला आधार देते, आणि वर गवताचे हलके छप्पर. माती दोन्हीकडे तीच होती, बांधणी वेगळी.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. नव्या किल्लारीचे रस्ते रुंद आहेत, घरे सुटी सुटी. इतक्या मोठ्या दुःखातून माणसांना छत मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण त्या काळात दगड आणि माती यांचे नाव काढले तरी लोक थरथरत, आणि शासनानेही त्यांना सिमेंटकडेच नेले. वसवलेल्या गावांच्या बाहेर ज्यांची घरे तडकली पण पडली नाहीत, त्यांच्यासाठी बळकटीकरणाची मोठी योजना होती. त्यात भिंती बांधून घेण्याची पद्धत शिकवली गेली, नमुने दाखवले गेले. अनेकांनी मात्र तो पैसा अंगणात एक सिमेंटची खोली उभी करण्यात घातला आणि जुने घर तसेच ठेवले. आजही त्याच जुन्या घरात म्हातारी माणसे झोपतात, कारण सिमेंटची खोली मे महिन्यात भट्टी होते. मला या साऱ्यात सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याची. ज्या घरात माणूस राहणार आहे ते घर सुरक्षित करायचे सोडून, जे घर कागदावर सुरक्षित आहे ते बांधले गेले.

निलंगा तालुक्यातल्या एका गावात मला असे एक घर मिळाले, ज्याच्या मालकांनी उशिरा का होईना जुन्या घराचे काम काढले आहे. माळवदावर दोघे जण फावड्याने माती ओढत होते. मालक काकांनी ठरवले होते की माळवद वीतभर ठेवायचे, बाकी उतरवायचे, मध्ये जाड प्लास्टिक घालायचे म्हणजे दर वर्षी थर चढवायला नको. वीतभर माती म्हणजे मघाच्या हिशेबाने बारा टनांच्या जागी चारच टन. घर थोडे तापेल, हे त्यांना माहीत आहे. "रात्री झोप लागती का बघायचं, ऊन काय दुपारचंच असतं," ते म्हणाले.

खाली गवंडीमामा भिंतीला भोक पाडत होते. घाव न घालता. पहारीने बाहेरच्या रांगेतला एक दगड हळूहळू हलवून काढला, मग हात घालून मधली भर ओंजळीने बाहेर काढली. कोपरापर्यंत हात आत. शेवटी आतल्या रांगेतला समोरचा दगड सैल केला, आणि भिंतीच्या पलीकडून घरातला उजेड दिसला. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवले. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवली, ती सगळीकडून काँक्रीटने झाकली जाईल अशी, आणि भोक काँक्रीटने ठासून भरले. ते घट्ट झाले की दोन्ही रांगा त्या रुंद डोक्यांनी पकडल्या जातात. किमान दहा दिवस ओले पोते लावून ठेवायचे. शेजारचे भोक त्याच दिवशी पाडायचे नाही. एक सोडून एक, नाहीतर दुरुस्तीच भिंत पाडेल.

मामांना मानकाचा आकडा माहीत नव्हता. १९९४ च्या सुमारास त्यांनी एका शिबिरात हे पाहिले होते आणि तेव्हापासून मोजकीच घरे केली, कारण कोणी बोलावत नाही. खांब आणि तुळई यांच्या सांध्याशी तिरके लाकडी टेकू ठोकायचे राहिले होते, ते सांगाडा आडवा हलू नये म्हणून. भिंतीच्या वरच्या अंगाला घराभोवती जाळीचा पट्टाही यायचा होता. त्यामुळे चारही भिंती कोपऱ्यांशी एकमेकींना धरतात.

मी त्यांना गिलाव्याचे विचारले, तेव्हा काकांनी अंगणातल्या पाटीकडे बोट दाखवले. आतून बाहेरून मातीचाच, पांढरीचा. आधी माती तपासणार होते, आणि ती तपासणी मानकातलीच निघाली, फक्त त्यांना ती आजोबांकडून आली होती. मातीच्या बोराएवढ्या पाच-सहा गोळ्या करायच्या, दोन दिवस वाळवायच्या आणि अंगठा-तर्जनीत दाबायच्या. एकही फुटली नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. मग ओल्या मातीची वळी वळायची. पाच सेंटिमीटरच्या आत तुटली तर ती माती नको, पाच ते पंधरापर्यंत टिकली तर चांगली, पंधराच्या पुढे गेली तर जाड वाळू घालायची, कारण मग ती वाळताना भेगाळणार. अंगणातल्या सुपात गोळ्या वाळत होत्या. मी दोन दाबून पाहिल्या. फुटल्या नाहीत.

पश्चिमेच्या भिंतीला सात भोके झाली होती, अजून पाच बाकी होती. ती झाल्यावर उत्तरेची भिंत घ्यायची, मग स्वयंपाकघराची. पावसाआधी सगळे उरकायला हवे, कारण उघडे भोक आणि ओली भर एका वेळी परवडत नाही, असे मामा सांगत होते, आणि माती ओढणाऱ्या दोघांना फावडी जरा सावकाश चालवायला सांगत होते.